टीएसएचचं किट बदलताना

आमच्या लॅबमध्ये टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणाऱ्या पिट्युटरीच्या हॉर्मोनची तपासणी, वर्षानुवर्षं एलायझावर, म्हणजे लहान खळगे (वेल) असलेल्या प्लेटवर रंग चढवून मोजायच्या पद्धतीवर, होत आली. अकोल्यातल्या मध्यम आकाराच्या लॅबला ती परवडायची; रीडर होता, वॉशर होता, हात बसलेला होता. बदलाचा विषय काढला तो एका फिजिशियन सरांनी. त्यांच्या पेशंट असलेल्या एका आजींचा टीएसएच आमच्याकडे ०.२ आला होता आणि मुलाने पुण्यात करून घेतलेल्या रिपोर्टमध्ये ०.०३. "मॅडम, कमी दोन्हीकडे आहे, पण मला गोळी किती कमी करायची ते ठरवायचंय," सर फोनवर म्हणाले. "०.१ च्या खाली असेल तर मला आजींच्या हृदयाची काळजी."

थायरॉइड कमी चालतो म्हणून दिलेली थायरॉक्सिनची गोळी जास्त होऊ लागली की पिट्युटरी ग्रंथी टीएसएच सोडणं आवरतं घेते. वय झालेल्या माणसाचा टीएसएच सतत ०.१ च्या खाली राहिला तर हृदयाची लय बिघडण्याचा आणि हाडं ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. ०.१ ते ०.४ च्या मध्ये असेल तर डॉक्टर जरा सबुरीने घेतात. म्हणजे सरांचा निर्णय नेमका त्या दोन आकड्यांमधल्या जागेत अडकला होता. आमचं किट त्या जागेत किती भरवशाचं, याबद्दल आमच्या हातात किटसोबतच्या इन्सर्टवर, म्हणजे माहितीपत्रकावर, छापलेल्या एका ओळीपलीकडे काही नव्हतं. (टीएसएचचं एकक मिली-युनिट प्रति लिटर, पुढे नुसते आकडेच देते.)

आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी परवानगी दिली आणि मी कामाला लागले. स्पर्धेत चार जण होते. आमचं जुनं एलायझा किट. त्याहून स्वस्त असं दुसरं एलायझा, ज्याचा डिस्ट्रिब्युटर कधीपासून मागे लागला होता. टेबलावर बसणारं, रंगाऐवजी रसायनातून निघणारा प्रकाश मोजणारं एक छोटं केमिल्युमिनेसन्स मशिन, ज्याला सगळे क्लिया म्हणतात. डेमोसाठी ते काही आठवडे ठेवायला कंपनी तयार झाली. आणि चौथं, बोटातल्या रक्तावर पंधरा-वीस मिनिटांत आकडा देणारं फ्लुरोसेन्स कार्ड. ताडून पाहायला नागपूरच्या एका मोठ्या लॅबची मदत मिळाली, जिथे इलेक्ट्रोकेमिल्युमिनेसन्सवर टीएसएच होतं. कंपन्यांची नावं देत नाही. लॉट, म्हणजे उत्पादनाची खेप, बदलला की गुणही थोडेफार बदलतात, त्यामुळे आजचं माझं मत उद्या त्या नावाला लागू पडेलच असं नाही. तपासायची रीत मात्र कुणालाही वापरता येईल.

किटच्या खोक्यावर 'थर्ड जनरेशन' हे शब्द हमखास असतात. ते समजून घेतल्याशिवाय तुलना कशाची करायची तेच कळत नाही, म्हणून जरा मागे जाते. माझे गुरू टीएसएच शिकले ते किरणोत्सारी खूण लावून मोजायच्या आरआयएवर, म्हणजे रेडिओइम्युनोअ‍ॅसेवर. रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी इन्सुलिन मोजण्यासाठी ही पद्धत काढली. यालोंना १९७७ चं नोबेल मिळालं तेव्हा बर्सन हयात नव्हते. आपल्याकडे थायरॉइडची आरआयए किटं अणुऊर्जा खात्याच्या 'ब्रिट'कडून, वाशीहून यायची. आयोडिन-१२५ चं अर्धायुष्य साधारण ६० दिवसांचं, त्यामुळे किट साठवून ठेवायची सोयच नव्हती. खेप आली की सॅम्पल तयार हवीत. त्या काळच्या पहिल्या पिढीच्या टीएसएच चाचणीला १ च्या खाली नीटसं दिसत नव्हतं. निरोगी माणसाची खालची मर्यादा ०.४ च्या आसपास असते, म्हणजे थायरॉइड जास्त चालणारा रुग्ण आणि निरोगी माणूस यांतला फरक टीएसएचवरून करताच यायचा नाही. त्यासाठी टीएसएच सोडायला लावणारं टीआरएच हॉर्मोन टोचून पुन्हा रक्त घ्यावं लागे. १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकसारख्या, रेणूचा नेमका एकच भाग पकडणाऱ्या मोनोक्लोनल अँटिबॉडी बनवायची रीत दाखवली आणि पुढे दोन अँटिबॉडींच्या मध्ये हॉर्मोन पकडणाऱ्या 'सँडविच' चाचण्या आल्या. दुसरी पिढी ०.१ पर्यंत पोचली, तिसरी ०.०१ ते ०.०२ पर्यंत.

हे 'पोचणं' ठरतं कसं, तर फंक्शनल सेन्सिटिव्हिटीने. एकच सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारं पाणी) वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या लॉटवर, वेगवेगळ्या हातांनी लावलं तर आकडा हलणारच. ज्या पातळीला हे हलणं, म्हणजे सीव्ही, २० टक्क्यांवर जातं, ती त्या किटची खरी खालची हद्द. इन्सर्टमध्ये बरेचदा 'सेन्सिटिव्हिटी' म्हणून छापलेला आकडा वेगळाच असतो. शून्य कॅलिब्रेटर, म्हणजे टीएसएच अजिबात नसलेलं प्रमाण-द्रव, एकाच बैठकीत पुन्हा पुन्हा लावून, त्याच्या विचलनावरून तो काढलेला असतो. तो नेहमीच देखणा असतो आणि रोजच्या कामात त्याचा उपयोग नसतो. डिस्ट्रिब्युटरचा मुलगा तोच आकडा बोटाने दाखवत होता. मी त्याला शांतपणे म्हटलं, "दादा, हा तुमच्या कारखान्यातला आकडा. मला आमच्या खोलीतला हवा."

आमच्या खोलीतला आकडा काढायला पूल, म्हणजे एकत्र करून साठवलेली सीरम, लागतात. उरलेली सीरम नावं काढून बाजूला ठेवायला सुरुवात केली: हिपॅटायटिस आणि एचआयव्ही निगेटिव्ह असलेली, हिमोलाइज्ड (लाल पेशी फुटलेली) नसलेली, दुधाळ नसलेली. कमी टीएसएचची एकत्र करून एक पूल ०.०५ च्या आसपासचा, एक ०.२ चा, मग ४ ते ५ मधला एक, आणि १० च्या थोडा वरचा एक. प्रत्येक पूल छोट्या छोट्या नळ्यांत भागून डीप फ्रीझरमध्ये, म्हणजे दर वेळी एकच नळी वितळवायची आणि उरलेलं फेकून द्यायचं. पुन्हा गोठवायचं नाही. कमी टीएसएचची सीरम जमायला सगळ्यात जास्त वेळ लागला. आपल्याकडे टीएसएच वाढलेले रुग्ण ढिगाने येतात, खूप कमी असलेले थोडेच. हे पूल म्हणजे या सगळ्या कामातली खरी पुंजी, आणि आजही मी त्यांच्यावर जीव लावून असते.

पूल तयार झाल्यावर प्रत्येक बॅचबरोबर ते लावत गेले. लॅबसाठी प्रमाणं ठरवणाऱ्या सीएलएसआय या अमेरिकी संस्थेच्या ईपी१५ या मार्गदर्शिकेत पाच दिवस, दर दिवशी पाच वेळा लावायला सांगितलंय. कंपनीचा दावा पडताळायला ते पुरेसं असतं. मी त्यापुढे जाऊन कमी पातळीचे पूल जास्त काळ चालू ठेवले, कारण माझा प्रश्नच त्या पातळीचा होता. उत्तर लवकरच दिसू लागलं. ४ ते ५ च्या पूलवर दोन्ही एलायझा समाधानकारक होत्या. ०.२ च्या पूलवर आमचं जुनं किट डगमगत होतं. ०.०५ च्या पूलवर तर ते कधी शून्याला टेकायचं, कधी ०.१५ दाखवायचं. स्वस्त किट त्याहून सैल. क्लिया मशिनने तोच पूल दिवसेंदिवस जवळजवळ त्याच जागी दाखवला. म्हणजे दोन्ही एलायझांना ०.१ च्या खाली दिसत नव्हतं, आणि आजींच्या रिपोर्टवरचा आमचा ०.२ हा त्या धूसर पट्ट्यातला होता.

यात विदर्भाचा उन्हाळाही आहे, आणि त्याच्याबद्दल लिहायलाच हवं. एलायझाच्या इन्सर्टमध्ये इन्क्युबेशन 'रूम टेम्परेचरला' करा असं लिहिलेलं असतं आणि पुढे १८ ते २५ अंश किंवा तत्सम काही. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो. कूलर लावला तर हवा ओलसर होते आणि झोत प्लेटवर येतो, एसी लावला तर वीज जाते. अँटिबॉडी आणि हॉर्मोनची बांधणी, शेवटी टीएमबी या रंग देणाऱ्या द्रव्याचा निळा रंग चढणं, सगळं उष्णतेबरोबर वेग घेतं. कॅलिब्रेटर त्याच प्लेटवर असल्यामुळे बराचसा फरक भरून निघतो, पण प्लेट सगळीकडे सारखी तापली तरच. कडेच्या वेल आधी गरम होतात, मधल्या मागाहून. हे डोळ्यांनी बघायचं म्हणून एकच सीरम पहिल्या पट्टीत, मधल्या पट्टीत आणि शेवटच्या पट्टीत लावलं. कडेची वेल आणि मधली वेल यांतला फरक उन्हाळ्यात उघड दिसला. शेवटच्या पट्टीत आणखी एक गोष्ट मिसळते. हाताने पिपेटिंग करताना पहिल्या वेलपासून शेवटच्या वेलपर्यंत पोचायला मिनिटं जातात, आणि तेवढं इन्क्युबेशन पुढे-मागे होतं. मग आम्ही तापमान नियंत्रित इन्क्युबेटरमध्ये प्लेट ठेवून बघितली. फरक कमी झाला, कमी पातळीचा डगमगाट मात्र तसाच राहिला. क्लियामध्ये मशिन स्वतःच आतलं तापमान ३७ अंशांवर धरून ठेवतं आणि प्रत्येक सॅम्पलला सेकंदावर मोजलेला तेवढाच वेळ देतं. विदर्भातल्या लॅबसाठी हा मुद्दा मला संवेदनशीलतेइतकाच मोलाचा वाटतो.

आता रुग्णांच्या सॅम्पलची तुलना. सीएलएसआयचीच ईपी०९ ही मार्गदर्शिका किमान ४० सॅम्पल सांगते, आणि ती मोजणीच्या पूर्ण पल्ल्यावर पसरलेली हवीत, काही दिवसांत विभागून. निम्मी सॅम्पल २ आणि ३ च्या मध्ये असतील तर तुलना केली असं म्हणवत नाही. म्हणून ०.१ च्या खालची, ०.१ ते ०.४ मधली, मधली नॉर्मल, ४ ते १० मधली आणि १० च्या वरची अशी खोकी करून ती भरत गेलो. प्रत्येक सॅम्पल चारही पद्धतींवर शक्यतो त्याच दिवशी, आणि एक नळी बर्फात नागपूरला. सॅम्पल नेणारा दादा रात्रीच्या बसने ती डबी स्वतःच्या मांडीवर ठेवून न्यायचा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

डिस्ट्रिब्युटरने त्याच्या बाजूने एक आलेख आणला होता: आडव्या अक्षावर एक नामांकित पद्धत, उभ्या अक्षावर त्याचं किट, सगळे ठिपके रेषेवर, आणि कोपऱ्यात आर, म्हणजे सहसंबंधाचा आकडा, ०.९९. हा आर बघून किट घेणाऱ्या लॅब मी पाहिल्यात, आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं. पल्ला मोठा असला की आर चांगला येणारच. ८० चं एक सॅम्पल आणि ६० चं एक सॅम्पल टाकलं की खालच्या कोपऱ्यातली गर्दी कुणाला दिसतच नाही. एखादं किट प्रत्येक वेळी नेमकं दीडपट वाचत असेल तरी आर १ येईल. सोबत चालतात की नाही एवढंच आर सांगतो, जुळतात की नाही हे सांगत नाही. १९८६ मध्ये ब्लँड आणि ऑल्टमन यांनी 'लॅन्सेट'मध्ये हेच मांडलं आणि साधा उपाय दिला: दोन पद्धतींच्या सरासरीसमोर त्यांच्यातला फरक मांडा. मी एक्सेलवर ते केलं, फरक टक्क्यांत घेतला, आणि सोबत पासिंग-बॅब्लॉक रेषा काढली, जी एखाद-दुसऱ्या भरकटलेल्या सॅम्पलने वाकत नाही.

तो आलेख उघडला तेव्हा सगळं स्पष्ट झालं. स्वस्त एलायझा ४ ते १० च्या पट्ट्यात जवळपास सातत्याने वर वाचत होतं. इतर पद्धतींवर चारच्या आत असणारी काही सॅम्पल त्याच्यावर पाचच्या पुढे. तो पट्टा कोणाचा, तर थकवा येतो म्हणून तपासायला आलेल्या बाईचा, पाळी अनियमित आहे म्हणून आलेल्या मुलीचा, दिवस गेलेल्या सुनेचा. चारच्या आत असेल तर काही करायचं नाही, पाचच्या वर असेल तर पुन्हा तपासा, दहाच्या वर असेल तर गोळी. गरोदरपणात तर अजून बारकाई. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने २०११ मध्ये पहिल्या तिमाहीची वरची मर्यादा २.५ सांगितली होती. २०१७ मध्ये ती बदलून स्थानिक मर्यादा वापरा, नसेल तर ४ च्या आसपास धरा असं म्हटलं. जे किट त्या उंबऱ्याजवळ वर वाचतं, ते दरवर्षी कितीतरी बायकांना आयुष्यभराच्या गोळीच्या वाटेवर ढकलू शकतं. आरच्या ०.९९ मध्ये यातलं काहीच दिसत नाही.

सगळी किटं जागतिक आरोग्य संघटनेच्या एकाच जातीच्या प्रमाणित द्रव्यावर बेतलेली असतात, कुणी ८०/५५८ वर, कुणी ८१/५६५ वर, तर मग फरक का, असं आमच्या नव्या टेक्निशियनने विचारलं. प्रश्न फार चांगला होता. टीएसएच हे साखरेच्या साखळ्या लागलेलं प्रथिन आहे. पिट्युटरीतून काढलेल्या प्रमाण-द्रव्यातल्या टीएसएचच्या साखळ्या आणि रुग्णाच्या रक्तात फिरणाऱ्या टीएसएचच्या साखळ्या सारख्या नसतात. थायरॉइड कमी चालणाऱ्या माणसात त्या आणखी बदलतात. प्रत्येक कंपनीची अँटिबॉडी रेणूचा वेगळा भाग पकडते. त्यामुळे मोजपट्टी एकच असली तरी रुग्णाच्या सीरमवर ती निरनिराळी लागते. आयएफसीसी या क्लिनिकल केमिस्ट्रीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा गट यासाठीच सर्व उत्पादकांना एका पातळीवर आणण्याचं काम करत आला आहे.

याच रेणूमुळे आणखी एक तपासणी करून घेतली. टीएसएच, पाळीशी संबंधित एलएच व एफएसएच आणि गरोदरपणातलं एचसीजी या चारही हॉर्मोनांचं अल्फा उपघटक एकच असतं. वेगळं असतं ते बीटा. अँटिबॉडी नीट निवडलेली नसेल तर एचसीजीला टीएसएच समजून मोजेल. पहिल्या तिमाहीतल्या बायकांची आणि पाळी गेलेल्या, म्हणजे एफएसएच-एलएच वाढलेल्या बायकांची सीरम चारही किटवर लावली. पहिल्या तिमाहीत एचसीजी थायरॉइडला थोडं ढोसतं, त्यामुळे टीएसएच खरोखर खाली येतो. एखादं किट तिथेच वर जाताना दिसलं असतं तर संशयाला जागा होती. तसं कुठल्याच किटवर दिसलं नाही. खूप जास्त टीएसएचची सॅम्पल पातळ करून पाहिली, तिथेही सगळं सरळ होतं.

एका सॅम्पलने मात्र सगळ्यांना थांबवलं. ताई पस्तिशीच्या, थायरॉइड कमी असल्याने गोळी चालू. आमच्या जुन्या एलायझावर आणि नागपूरच्या मशिनवर टीएसएच जवळजवळ नाहीसा, क्लिया मशिनवर सहाच्या आसपास. एकाच नळीतलं सीरम! आधी नळ्या बदलल्या का ते पाहिलं, पुन्हा सेंट्रिफ्यूज केलं, कारण सीरममध्ये फायब्रिनचा बारीक धागा राहिला तरी आकडा भरकटतो. तेच आकडे परत. मग चारही इन्सर्ट समोर घेऊन बसले आणि कोणतं किट कसं बांधलंय ते वाचत गेले. जुनं एलायझा आणि नागपूरची पद्धत, दोन्ही एकमेकांना घट्ट पकडणाऱ्या स्ट्रेप्टाव्हिडिन-बायोटिनच्या जोडीवर उभ्या. क्लियामध्ये अँटिबॉडी थेट चुंबकी कणांवर बसवलेली. ताईंना फोन केला. "केस गळून राहिले म्हणून पार्लरवाल्या ताईने गोळ्या दिल्या, महिना झाला," त्या म्हणाल्या. पाकिटाचा फोटो मागवला: बायोटिन १० मिलिग्रॅम. मोठ्या माणसाची रोजची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅम. रक्तातलं ते मोकळं बायोटिन स्ट्रेप्टाव्हिडिनच्या जागा अडवून बसतं, सँडविच धरलं जात नाही, धुताना वाहून जातं आणि टीएसएच खोटा कमी दिसतो. एफटी४ (रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन) सारख्या स्पर्धात्मक चाचणीत, जिथे रुग्णाचं आणि खूण लावलेलं हॉर्मोन एकाच जागेसाठी भांडतात, याच्या उलट, आकडा खोटा वाढतो. दोन्ही रिपोर्ट एकत्र पाहिले तर थायरॉइड जोरात चालल्याचं हुबेहूब चित्र. अमेरिकेच्या एफडीएने नोव्हेंबर २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. ताईंना गोळ्या थांबवून काही दिवसांनी परत बोलावलं. तेव्हा सगळ्या पद्धती सहाच्या जवळ आल्या. त्यांच्या डॉक्टरांनी पहिला रिपोर्ट धरून थायरॉक्सिन कमी केलं असतं तर त्या आणखी थकल्या असत्या. आता आमच्या नोंदणीच्या टेबलावर प्रत्येकाला विचारतात, केसांसाठी, नखांसाठी काही गोळी चालू आहे का.

कार्डाबद्दल थोडक्यात. मध्यम आणि जास्त पातळीला ते ठीक वाटलं, खालच्या टोकाला त्याला काही दिसत नाही, आणि बोट दाबून काढलेल्या थेंबावर आकडा फार हलतो. दुर्गम भागातल्या शिबिरात चाळणी म्हणून त्याचं मोल असेल. गोळीचा डोस ठरवायला मी ते देणार नाही.

पैशाचा हिशोब शेवटी केला, मुद्दाम शेवटी. एलायझाची प्लेट ९६ वेलची. सहा कॅलिब्रेटर दोनदा म्हणजे १२, दोन कंट्रोल (पडताळणीची सॅम्पल) दोनदा म्हणजे ४. रुग्णाच्या आधीच १६ वेल गेल्या. पूर्ण प्लेट एकदम लावली तर ८० रुग्ण होतात. पण आमच्याकडे एका वेळी दहा रुग्ण असतील तर प्रत्येकी एक वेल धरूनही २६ वेल लागतात. म्हणजे एका प्लेटमध्ये तीन बॅच, तीस रुग्ण. खोक्याची किंमत भागिले ९६ हा जो दर सांगतात, त्याच्या तिप्पट खर्च प्रत्यक्षात येतो. तो वाचवायचा तर सॅम्पल साठवून आठवड्यातून दोनदाच बॅच लावायची, आणि बाळापूर-मूर्तिजापूरहून आलेल्या माणसाला रिपोर्टसाठी परत चक्कर मारायला लावायची. क्लियामध्ये कॅलिब्रेशन काही आठवडे टिकतं, मास्टर कर्व्ह, म्हणजे कंपनीने काढलेला कॅलिब्रेशनचा आलेख, बारकोडमध्ये येतो, एकच सॅम्पल आलं तरी लावता येतं. एका टेस्टचा दर जास्त, तरी आमच्या संख्येला दोन्ही जवळजवळ एका पातळीवर आले. मशिन भाड्याच्या करारावर मिळालं, त्यात महिन्याला ठरावीक टेस्टची अट आहे. ती अट आमच्या आकड्यात बसते की नाही हे मॅडमनी तीन-तीनदा तपासलं. इन्व्हर्टरचा खर्च वेगळा.

क्लिया घ्यायचं ठरलं, पण किट बदललं म्हणून काम संपत नाही. जे रुग्ण वर्षानुवर्षं आमच्याकडे येतात त्यांचा जुना आकडा जुन्या किटवरचा. म्हणून काही काळ दोन्ही पद्धती समांतर चालवल्या आणि फॉलोअपच्या रुग्णांच्या रिपोर्टवर दोन्ही आकडे दिले. शहरातल्या सगळ्या डॉक्टरांना पत्र पाठवलं: अमुक तारखेपासून पद्धत बदलत आहोत, कमी पातळीला आता जास्त बारीक दिसेल, अमुक पट्ट्यात एवढा फरक अपेक्षित आहे. रिपोर्टवर पद्धतीचं नाव छापायला सुरुवात केली. कंपनीने दिलेली नॉर्मल मर्यादा आमच्या लोकांना लागू पडते का, हे पाहायला थायरॉइडचा त्रास नसलेल्या २० निरोगी माणसांचं रक्त तपासलं. त्यातले दोनपेक्षा जास्त मर्यादेबाहेर गेले तर मर्यादा पुन्हा ठरवावी लागते. बाहेर गेला एकच, आणि त्याच्या टीपीओ अँटिबॉडी, म्हणजे थायरॉइडविरुद्ध शरीरानेच बनवलेल्या अँटिबॉडी, वाढलेल्या निघाल्या.

आजींचं सॅम्पलही नव्या मशिनवर लागलं. टीएसएच ०.१ च्या बराच खाली होता. सरांनी डोस उतरवला, सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा बोलावलं, तेव्हा तो हळूहळू वर येताना दिसला. जुन्या किटवर ही चाल आम्हाला दिसलीच नसती. आधीचं आणि नंतरचं दोन्ही त्या धुक्यात हरवलं असतं.

डॉक्टरांना पत्रात आणखी एक गोष्ट लिहिली होती, ती रुग्णांसाठीही आहे. एकाच माणसाचा टीएसएच कसलाही आजार न बदलता एका वेळेपासून दुसऱ्या वेळेपर्यंत १५ ते २० टक्के हलतो. रात्री उशिरा, पहाटेच्या आधी तो सर्वात वर असतो आणि दुपारी उतरतो. त्यामुळे ३.८ चा ४.३ झाला म्हणून घाबरायचं कारण नाही, आणि सकाळचा आकडा दुपारच्या आकड्याशी ताडू नये. फॉलोअप शक्यतो त्याच लॅबमध्ये, त्याच वेळेला. किटचा स्वतःचा डगमगाट माणसाच्या या नैसर्गिक हालचालीच्या निम्म्याच्या आत राहावा, असा दंडक असतो. आमच्या नव्या मशिनवर तो पाळला जातोय, हे पूल दर आठवड्याला सांगतात.

नवा लॉट आला की जुन्या लॉटशी काही सॅम्पल ताडल्याशिवाय तो वापरात घेत नाही. मध्यंतरी एका लॉटवर ०.२ चा पूल वर सरकला. कंपनीला आकडे पाठवले, त्यांनी तो लॉट बदलून दिला. वेल्लोरच्या सीएमसी या वैद्यकीय महाविद्यालयाच्या ईक्यूएएस, म्हणजे लॅबची बाहेरून पडताळणी करणाऱ्या, कार्यक्रमाची सॅम्पल लावतो, त्यात आपला आकडा त्याच पद्धतीच्या इतर लॅबांच्या गटाशी ताडला जातो. आता पाळी एफटी४ ची. तिथे पातळी फार कमी आणि चाचणी स्पर्धात्मक, त्यामुळे तुलना टीएसएचपेक्षा अवघड जाणार. गरोदर बायकांच्या सीरममध्ये बांधणारी प्रथिनं वाढलेली असतात, तिथे किटं सगळ्यात जास्त भांडतात. म्हणून त्यांच्यापासूनच सुरुवात करतेय, आणि फ्रीझरमध्ये एफटी४ च्या पूलसाठी एक कप्पा रिकामा केलाय.